वासखोली

डेअरीत तिला सगळे नाकबाई म्हणत. तोंडावर नुसतं बाई, पाठ वळली की नाकबाई. तिला ते माहीत होतं आणि त्याचं वाईटही वाटत नव्हतं. टाकीतलं दूध पिशव्यांत भरण्याआधी मशीनवाल्यापासून साहेबांपर्यंत प्रत्येक जण एकच प्रश्न विचारायचा, बाईंनी हुंगलं का? प्रयोगशाळेतली यंत्रं दुधातला स्निग्धांश सांगत, आम्लता सांगत, पाणी घातलं असेल तर चहाडीही करत. पण दूध गोठ्याचा वास घेऊन आलंय, की उजेडात राहून त्याला ओल्या पुठ्ठ्याचा वास लागलाय, की टाकी धुण्याची दवा नीट निथळलीच नाही, हे ओळखायला शेवटी नाकच लागायचं.

त्यासाठी वासखोली होती. खोली कसली, शेजारी शेजारी दोन अरुंद कप्पे आणि मध्ये एक लाकडी भिंत. प्रत्येक कप्प्यात एक खुर्ची, तोंड धुवायचं छोटं बेसिन आणि समोर सरकत्या फळीची खिडकी. त्या खिडकीतून कोमट दुधाचे झाकलेले पेले आत यायचे. हाताशी दोन बटणं, त्यांचे दिवे बाहेर. हिरवं दाबलं की दूध पुढे, लाल दाबलं की दूध अडलं. प्रत्येक टाकी दोघांनी हुंगायची, एकमेकांशी न बोलता. दोघांचे दिवे सारखे लागले तर प्रश्न मिटला. वेगळे लागले तर तिसऱ्याला बोलवायचं. हे नियम तिनेच घालून दिले होते. मधली भिंतही तिनेच हट्टाने घालून घेतली होती, कारण माणूस बरेचदा स्वतःच्या नाकाने हुंगत नाही, समोरच्याचं तोंड बघून हुंगतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

आणि थंडीत आलेल्या एका तापानंतर याच बाईच्या नाकाला कसलाही वास येत नव्हता.

आधी तिला वाटलं, नाक चोंदलंय. मग चोंदणं गेलं, श्वास मोकळा झाला, पण वास काही आला नाही. नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी नळीला दिवा लावून आत पाहिलं आणि सांगितलं की काही जणांचा वास परत येतो, काहींचा येत नाही. औषध असं नाही, व्यायाम आहे. तेव्हापासून रोज सकाळी ती टेबलापाशी बसून चार वाट्या एकामागून एक नाकाशी धरायची. लिंबाची साल, लवंग, कॉफी, साबणाचा चुरा. डोळे मिटून लिंबू कसं असायचं ते आठवायचं आणि श्वास आत ओढायचा. कोरड्या विहिरीत पोहरा सोडावा तसं व्हायचं. दोर खाली जायचा, पोहरा तळाला आपटायचा आणि रिकामाच वर यायचा.

तिने कोणाला सांगितलं नाही. आधी वाटलं, आठवड्याभरात येईल, उगाच कशाला बोभाटा. मग आज सांगू, उद्या सांगू करता करता सांगायची वेळ निघून गेली, आणि आता सांगायचं म्हणजे इतके दिवस का नाही सांगितलं तेही सांगावं लागणार होतं. नाकबाईचं नाक गेलं तर उरलेल्या बाईला डेअरीत कोण विचारणार, हाही प्रश्न होताच.

मग काम कसं चाललं होतं? नाकाचं काम तिने कानावर टाकलं होतं.

शेजारच्या कप्प्यात हिशेब खात्यातला एक गृहस्थ बसायचा. अंगाने काटकुळा, मान जरा पुढे काढून चालायचा आणि खिशाला कायम टाचण्या टोचलेल्या असायच्या, म्हणून सगळे त्याला टाचणी म्हणत. हुंगण्यासाठी डेअरीतल्याच निरनिराळ्या खात्यांतली माणसं पारखून घेतलेली होती, त्यांतलाच तो एक. त्याचं नाक बरं होतं, स्वभाव भित्रा होता. दूध चांगलं असलं की टाचणी पेला हलकेच खाली ठेवायचा. खराब असलं की दुसऱ्यांदा हुंगायचा, पेला जरा आपटायचा आणि चूळ भरायचा. लाकडी भिंतीतून तोंड दिसत नसलं तरी हे सगळं ऐकू यायचं. ती श्वास रोखून ऐकायची आणि त्याप्रमाणे बटण दाबायची. ज्या भिंतीसाठी तिने एकेकाळी साहेबांशी वाद घातला होता, त्याच भिंतीला तिचा कान लागलेला असायचा.

घरी कान उपयोगाचा नव्हता. ती एकटीच राहायची. लग्न केलं नव्हतं, आईवडील गेलेले, एक थोरली बहीण दुसऱ्या गावात. एकटं राहण्याची तिला सवय होती, पण हे एकटेपण निराळंच निघालं. स्वतःच्या अंगाला घामाचा वास येतोय की नाही हे कळेना, म्हणून ती दोनदा अंघोळ करू लागली. साडी एकदा नेसली की धुवायला. भांडी घासलेली पुन्हा घासायची, फरशी पुसलेली पुन्हा पुसायची. कालची भाजी खावी की टाकावी कळेना, म्हणून टाकायचीच. खाणं नावाला उरलं होतं. जिभेला गोड, खारट, आंबट, कडू एवढंच कळायचं, बाकी सगळं ओल्या कागदासारखं. बसमध्ये ती दाराशी उभी राहू लागली. कोणाच्या घरी जायचं बंद केलं आणि कोणाला घरी बोलावणंही. घरात काही कुजलं असलं तर येणाऱ्याला कळणार आणि आपल्याला नाही, ही धास्ती.

ताईचा फोन यायचा. ये ना गं, केव्हापासून म्हणतेय. ती सांगायची, काम आहे. ताई म्हणायची, काम काय आम्हाला नसतं? मग हळूहळू ताईने ये म्हणणं सोडलं. हवापाण्याच्या गप्पा व्हायच्या, ठेवू का म्हणून फोन ठेवला जायचा.

अशात एका बैठकीत साहेबांनी वासखोलीचं कौतुक केलं. म्हणाले, गेल्या कित्येक महिन्यांत दोन कप्प्यांचे दिवे एकदाही वेगळे लागले नाहीत, एकही टाकी अडली नाही, आणि हे मी मुख्य कचेरीला कळवलंय. नाकं असावीत तर अशी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाचणीने मान खाली घातली. तीही हसली, पण टाळ्या थांबल्या तरी साहेबांचं एक वाक्य तिच्या डोक्यातून जाईना.

एकही टाकी अडली नाही.

दिवे सारखे का लागतात हे तिला माहीत होतं, कारण ती नक्कल करत होती. पण लाल का लागत नव्हता? टाचणी खरंच हुंगत असेल तर त्याला अधूनमधून वाईट दूध सापडायलाच हवं. गायी त्याच, टाक्या त्याच, धुणारी माणसं तीच. दूध एकाएकी एवढं गुणी झालं होतं की काय? शिवाय आणखी एक गोष्ट आता तिच्या लक्षात आली. पूर्वी हुंगणं चहाच्या आधी उरकायचं. हल्ली चहा गार व्हायचा. ती भिंतीपलीकडच्या आवाजाची वाट बघत बसायची आणि पलीकडेही बराच वेळ शांतता असायची.

तिने आयुष्यभर प्रयोग केले होते, आणखी एक केला. दुसऱ्या दिवशी पेला आला तेव्हा तिने उगाचच दोनदा जोरात श्वास घेतला, पेला आपटला आणि खळखळून चूळ भरली. क्षणभर काही नाही. मग पलीकडे श्वास, पेला आपटल्याचा आवाज, चूळ. ती थांबली. मग जणू शंका आल्यासारखं तिने पुन्हा झाकण उघडून हुंगल्याचा आवाज केला आणि पेला अगदी हलकेच ठेवला. पलीकडेही झाकण वाजलं, पेला हलकेच ठेवला गेला. बाहेर दोन्ही दिवे हिरवे लागले.

तिला हसू आलं. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात; इथे दळायलाच कोणी बसलं नव्हतं. मग हसू विरलं. ती त्याच्याकडे कान लावून, तो तिच्याकडे कान लावून, आणि मध्ये ते दूध. भिंतीपलीकडेही कोणीतरी आपल्यासारखंच एकटं बसलंय, हे तिच्या ध्यानात आलं. त्याने तिला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

त्याच आठवड्यातली गोष्ट. संध्याकाळी घरी येऊन तिने दूध तापत ठेवलं आणि आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या करत बसली. दारावर थापा पडल्या. समोरच्या दाराचे मास्तर होते. पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालेले, एकटेच, आणि जिन्यात चपला कुठे काढायच्या यावरून सगळ्या इमारतीशी भांडलेले. इतक्या वर्षांत त्यांनी तिच्या घरात पाऊल टाकलं नव्हतं. आता मात्र न विचारता आत घुसले, तिचा हात दिव्याच्या बटणाकडे गेला तो तसाच धरला, गॅस बंद केला आणि खिडक्या धडाधड उघडल्या. दूध उतू जाऊन शेगडी विझली होती आणि गॅस तसाच चालू होता.

"अख्खा जिना भरलाय," मास्तर ओरडले. "बाई, तुम्हाला वास येत नाही का?"

असा प्रश्न कोणी उत्तरासाठी विचारत नाही. अशा वेळी माणसाने जीभ चावायची, लक्षातच आलं नाही म्हणायचं आणि माफी मागायची. ते सगळं तिच्या ओठांवर तयार होतं. गॅसला स्वतःचा वास नसतो, माणसांना कळावं म्हणून त्यात तो दुर्गंध मुद्दाम मिसळतात, हे ती शिकलेली होती. आणि सगळ्यांसाठी मिसळलेली ती एवढी ढळढळीत गोष्ट तिच्यापर्यंत पोचली नव्हती. 

"नाही," ती म्हणाली. "येत नाही."

मास्तर खिडकीपाशी वळले. "मुळीच?"

"मुळीच. थंडीपासून."

घरातली हवा निघून जाईपर्यंत दोघं बाहेर जिन्यावर बसली. मास्तरांनी टपाल खिडकीवरच्यासारखी चौकशी केली. डॉक्टरांना दाखवलं का, काय म्हणाले, अजून कोणाला माहीत आहे. कोणालाच नाही, तुम्हालाच आता, असं ती म्हणाली तेव्हा ते चांगलेच वैतागले. म्हणाले, मलाच का, आता माझी झोप गेली. मग थोड्या वेळाने, रोज संध्याकाळी एकदा तुमच्या दाराशी येऊन हुंगून जाईन, आणि हे तुमच्यासाठी नाही, मी याच इमारतीत राहतो म्हणून.

उठताना तिने विचारलं. गेले कित्येक महिने जो प्रश्न तिला कोणालाही विचारता आला नव्हता, तो या जवळजवळ परक्या माणसाला विचारला गेला.

"तुम्ही आत गेला होतात. गॅस सोडून माझ्या घराला आणखी कसला वास येतो?"

मास्तरांनी मान तिरकी करून आठवून पाहिलं. "साबणाचा," ते म्हणाले. "इस्पितळासारखा. कोणी राहत असेल असं वाटत नाही."

ती रात्रभर दाराकडे बघत पडून राहिली असं काही झालं नाही. दमली होती, झोप लागली. पण सकाळी तिने फरशी पुसली नाही.

दोन दिवसांनी उरलेल्या भाजीचं भांडं घेऊन ती मास्तरांच्या दाराशी गेली. गेली आणि बेल न वाजवता परत आली. भांडं ओट्यावर ठेवलं, त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा गेली. आपलं अन्न चांगलं आहे का हे दुसऱ्याला विचारायचं म्हणजे भर रस्त्यात पदर सुटल्यासारखं वाटत होतं. मास्तरांनी झाकण उचललं, नाक खाली नेलं, म्हणाले, खा. पुढच्या वेळी म्हणाले, टाका, आणि आत्ताच टाका, माझ्या दारात नको. त्यांना त्यात काही मोठं वाटत नव्हतं. तिला वाटत होतं, दर वेळी तेवढंच. फक्त बेल वाजवायला लागणारा वेळ कमी होत गेला.

एकदा भांड्यावर झाकण ठेवता ठेवता मास्तर म्हणाले, "नाकाचा पगार तुम्ही घ्यायचा आणि हुंगायचं मी. छान आहे."

त्यांनी थट्टाच केली होती. ती मात्र भांडं हातात धरून तिथेच उभी राहिली. इथे एका वाटीभर भाजीसाठी ती दुसऱ्याचं दार वाजवत होती आणि तिकडे टाक्याच्या टाक्या अंदाजाने सोडत होती.

दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये ती टाचणीसमोर जाऊन बसली. तो डबा आवरून उठायला लागला. बाई कधी कोणाच्या टेबलावर बसत नसत. तिने त्याला बसायला सांगितलं आणि इकडचं तिकडचं न बोलता सांगून टाकलं. मला वास येत नाही, मी तुमच्या पेल्याचा आवाज ऐकून बटण दाबते.

टाचणीच्या हातातला डबा हातातच राहिला. त्याचा चेहरा आधी पांढरा पडला, मग कानापर्यंत लाल झाला. मग त्यानेही अडखळत सांगितलं. वासखोलीत पहिल्यांदा बसला तेव्हा त्याने एका दुधाला लाल दिला होता. बाईंनी हिरवा दिला, तिसऱ्यानेही हिरवा. हिशेब खात्यात महिनाभर थट्टा चालली होती, तुम्ही आकडे हुंगा, दूध बाईंना हुंगू द्या. तेव्हापासून त्याला काहीही वास आला तरी तो आधी भिंतीपलीकडे कान लावायचा.

"म्हणजे बाई," तो हळू आवाजात म्हणाला, "एवढे दिवस ते दूध कोणी हुंगलंच नाही?"

"तुम्ही हुंगलंत. सांगितलं नाहीत."

त्याने डबा खाली ठेवला. तिने त्याला सांगितलं की उद्यापासून मी कसलाही आवाज करणार नाही, तुम्हाला जे येईल ते दाबा. चुकलो तर, असं त्याने विचारलं. चुकाल, ती म्हणाली, त्यासाठीच तिसरं माणूस ठेवलंय.

"आणि तुम्ही काय दाबणार?"



दुसऱ्या दिवशी सकाळी फळी सरकली, पेला आला. तिने झाकण काढलं. वाफ वरच्या ओठाला लागली, ऊबदार आणि ओलसर. बस, एवढंच. पलीकडे शांतता होती. तिने हिरव्या बटणाकडे पाहिलं, लाल बटणाकडे पाहिलं. 'माहीत नाही' असं बटण तिथे नव्हतं. ते ठेवायला हवं हे तिला कधी सुचलंच नव्हतं, कारण तिला नेहमी माहीत असायचं. तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि बसून राहिली. कपाळावर घाम आला. तो पुसायलाही तिने हात उचलला नाही.

बऱ्याच वेळाने शेजारी खट् झालं.

मग खिडकीची फळी सरकली आणि पलीकडून पेले देणाऱ्या बाईने वाकून आत पाहिलं. शेजारचा लाल लागलाय, तुमचा दिवा लागत नाही, बिघडलाय का? दिवा ठीक आहे, असं सांगून ती उठली आणि बाहेर आली.

टाकी थांबली होती, म्हणून पिशव्यांचं मशीन थांबलं होतं, म्हणून मशीनवाला आला होता, आणि मशीनवाला आला म्हणून साहेब आले होते. पॅकिंगच्या मावशींना तिसरं नाक म्हणून बोलावून घेतलं होतं. टाचणी कप्प्याच्या दारात उभा होता, बाहेर यावं की आत जावं हे न कळून. मावशींनी पेला हुंगला, पुन्हा हुंगला आणि मला तरी काही वाटत नाही बाई, असं म्हणून हात झटकले. सगळे टाचणीकडे बघायला लागले.

"मला येतोय," टाचणी म्हणाला. घसा खाकरून त्याने पुन्हा सांगितलं, "दवेचा वास येतोय. थोडासाच. पण येतोय."

साहेबांनी त्याच्याकडे लक्षच दिलं नाही. ते तिच्याकडे वळले. "बाई, तुमचं काय मत?"

"माझं मत नाही, साहेब. मला वास येत नाही. थंडीतल्या तापानंतर नाक गेलं ते आलंच नाही."

मशीनवाल्याने टोपी काढली आणि पुन्हा घातली.  मावशींचा हात नकळत स्वतःच्या नाकाकडे गेला.

तिने तिथेच आणखी एक सांगितलं. टाकी सोडू नका, नळ्या तपासून घ्या, कारण इथे आज एकाच माणसाने स्वतःच्या नाकाने हुंगलंय आणि ते तो बोललाय. दुपारपर्यंत कळलं की नळीच्या एका वाकात धुण्याची दवा खरंच साचून राहिली होती. पण तोवर ती साहेबांच्या केबिनमध्ये होती.

साहेब माणूस वाईट नव्हते. त्यांनी दार लावलं, पाणी दिलं आणि मार्ग सुचवला. सर्दी म्हणू. जुनाट सर्दी. रजा घ्या, नाक आलं की या, तुमची खुर्ची तशीच राहील. मुख्य कचेरीला मी ते सगळं कौतुक लिहून पाठवलंय, आता हे कसं कळवू?

"सर्दी जाते, साहेब," ती म्हणाली. "हे जाईल की नाही मला माहीत नाही."

साहेबांनी कपाळ चोळलं. मग आत्तापर्यंतच्या दुधाचं काय सांगायचं, असं त्यांनी विचारलं. यंत्रांच्या तपासण्या झालेल्याच होत्या, कोणाला अपाय झालेला नव्हता. पण वासाच्या बाबतीत एवढे महिने आपण नशिबावर चाललो होतो, हे जसं आहे तसं सांगायचं, असं ती म्हणाली. आणि माझी शिक्षा काय ती तुम्ही ठरवा.  शिक्षेचा शब्द साहेबांनी काढला नाही. तिला पाणी तपासायच्या खोलीत पाठवलं.

ती खोली इमारतीच्या मागच्या टोकाला होती. तिथे एक लांब टेबल, काचेची चंबू-नळकांडी आणि उत्तरेकडची खिडकी. पाण्याला वास नसतो, निदान नसायला हवा. दिवसभर तिथे फारसं कोणी येत नसे. येणाऱ्यांत कोणी उगाचच मोठ्याने बोलायचं, जणू तिचे कानही गेले होते. कोणी विचारायचं, म्हणजे अगदी काहीच नाही? मलमूत्राचाही नाही? पूर्वी नमस्कार करणारी एक बाई जिन्यावर तिला बघून वाट बदलू लागली. आणि नाकबाई हे नाव लोकांच्या तोंडात अर्ध्यावर येऊन अडकायचं. दुसरं नाव कोणी ठेवलं नव्हतं, त्यामुळे काही दिवस तिला कोणी काहीच म्हणत नव्हतं.

मन मोकळं केलं की माणसाला हलकं वाटतं म्हणतात. तिला हलकं वाटलं नाही, उघडं वाटलं. खपली काढलेल्या जागेला वारा लागावा तसं. पण आता ती चंबू धुताना भिंतीकडे कान लावून उभी नसायची. टाचणी अधूनमधून डोकावून जायचा. आज मावशींशी पटलं नाही, तिसरं नाक बोलवावं लागलं, असं सांगायचा. तक्रार करत करत, पण मान पूर्वीपेक्षा जरा सरळ ठेवून. आज मी चुकलो, हेही सांगायचा.

ताईला तिने फोनवर सांगितलं.  ताईने एकदम तोफ डागली. एवढी शिकलीस आणि अक्कल गहाण ठेवलीस का, घरात गॅस कोंडून मेली असतीस म्हणजे, आणि सख्ख्या बहिणीला शेजाऱ्यानंतर कळतंय. शेवटी आवाज खाली आला. मला वाटलं तुला आमचा कंटाळा आला.

सुट्टी लागली तशी ती ताईकडे गेली. बसमध्ये दाराशी उभी राहिली, मग एक जागा रिकामी झाली तेव्हा बसली. शेजारच्या बाईने तोंड फिरवलं की काय हे बघायचं नाही असं ठरवूनही तिने दोनदा बघितलं. ती बाई झोपली होती.

ताईचं घर माणसांनी भरलेलं. भाऊजी, मुलं, कोणी येतंय, कोणी जातंय. स्वयंपाकघरात सगळ्या शेगड्या पेटलेल्या. प्रत्येक जण आत येताना थबकायचा, नाक वर करायचा, आज काय आहे म्हणायचा. तिला पातेल्यावरची वाफ दिसत होती. झाकण थडथडताना ऐकू येत होतं. हे सगळे ज्या घरात आहेत त्यात आपण पूर्ण पोचलेलोच नाही, उंबऱ्यावरच आहोत, असं तिला वाटत होतं. सगळ्यांपासून दूर, खिडकीजवळच्या खुर्चीच्या काठावर ती बसली होती. बसमधून उतरल्यावर भर उन्हात चालत आली होती, अंघोळ झालेली नव्हती.

स्वयंपाकघर घटकाभर रिकामं झालं. ताई ओट्याशी पीठ मळत होती.

"ताई," ती म्हणाली. "एक विचारू? खरं सांगशील?"

"खोटं कधी बोलले गं तुझ्याशी?"

"माझ्या अंगाला वास येतो का?"

ताईचे हात थांबले. तिने वळून पाहिलं. मग हात तसेच पिठाचे, जवळ आली. वाकली. मानेपाशी, कानामागे, केसांत नाक घालून तिने एक लांब श्वास घेतला. लहान बाळाला हुंगतात तसं नव्हे; नीट, मन लावून, सांगितलेलं काम करावं तसं. खुर्चीत तिने स्वतः डोळे घट्ट मिटून घेतले होते. तिला फक्त ताईच्या श्वासाची ऊब मानेवर लागत होती.

"येतो," ताई म्हणाली.

"कसला?"

ताईने विचार केला. पुन्हा एकदा वाकून हुंगलं. "घामाचा आहे जरासा. प्रवासाचा. आणि..." ती अडली. "आणि आता कसला म्हणजे काय सांगू, चिमे. तुझा."

वासखोलीत असं उत्तर कोणी दिलं असतं तर तिने पेला परत हातात दिला असता. चांगला, वाईट, त्याचा, तिचा, हे वासाचं वर्णन नाही. कशासारखा ते सांगा. आंबूस, करपट, ओल्या मातीसारखा, काय असेल ते. कशासारखा, असं तिच्या तोंडावर आलंही. पण ताईकडे सांगायला दुसरं काही नव्हतं आणि तिच्याकडे पडताळून पाहायला काही नव्हतं. जे सांगितलं गेलं ते तसंच ठेवून घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

ताई ओट्याकडे परतली. पीठ कोरडं पडत होतं, तिने त्यावर पाण्याचा हात फिरवला. इकडे खुर्चीत तिच्या ब्लाउजच्या खांद्यावर ताईच्या हाताचा, पिठाचा एक पांढरा ठसा उमटला होता. तो न झटकता ती खुर्चीच्या काठावरून मागे सरकली आणि पाठ टेकून बसली.